मॅग्नेटोचा उजवा कान

धुळे,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नाना यांस मेघाचा साष्टांग नमस्कार.

७ तारखेच्या पोहोचेत मी एक चूक लिहिली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, ‘मॅग्नेटोचं खोकं मिळालं. बॉडीचा उजवा कान तुटलेला आहे.’ हे खरं नाही. कान तुटला आहे हे खरं, पण तो तुटून आलेला नाही. खोकं उघडलं तेव्हा बोल्टाच्या भोकांचे दोन्ही कान जागेवर होते. उजवा माझ्या हातात निघाला.

घडलं ते क्रमाने लिहिते. मंगळवारी, ४ तारखेला, अकरा वाजता मी एसटीच्या पार्सल ऑफिसातून खोकं आणलं. सुतळी घट्ट होती, खोक्याचा एकही कोपरा दबलेला नव्हता, आत गोणपाट आणि त्याच्या आत वर्तमानपत्र. हिलालकाकांची बांधणी मी ओळखते. आबांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे, कारण तो त्यांनी तुमच्याकडूनच उचलला: आधी पाहायचं, मग लिहायचं, मग हात लावायचा. पोहोच लिहून झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही. आबांना अर्धांगवायू झाल्यापासून या दोन वर्षांत तुम्ही माझ्या एकटीच्या भरवशावर पाठवलेलं हे पहिलं काम. मला घाई झाली. पोहोच संध्याकाळी लिहू म्हटलं, बॉडी व्हाइसमध्ये धरली आणि मागचं बेअरिंग ओढायला लागले. फार जोर लावला नव्हता, असं मला वाटतं. खात्री नाही. कान बिस्किटाचा तुकडा पडावा तसा निघून आला.

त्याच वेळी आबा न्हाणीघरात पडले. मी तसंच टाकून धावले. पुढचे तीन दिवस दवाखान्यात गेले. शुक्रवारी घरी आल्यावर पोहोच राहिल्याचं आठवलं, तेव्हा टेबलावर जे दिसत होतं ते लिहिलं. टेबलावर तुटलेला कान दिसत होता.

मी विसरून तसं लिहिलं की घाबरून, हे दहा दिवस स्वतःला विचारते आहे. दोन्ही थोडं थोडं असावं. तुमच्या विलायती इंजिनाला बॅटरी नाही, मॅग्नेटो ठिणगी देईल तरच ते सुरू होणार, आणि असा दुसरा मॅग्नेटो कुठे मिळणार नाही. हे ठाऊक होतं म्हणूनच घाबरले.

तुमचं कार्ड परवा मिळालं. ‘हिलालने स्टँडवर खोकं आपटलं. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं आहे.’ नाना, हे माझ्या एका ओळीमुळे झालं. हिलालकाकांचा यात काहीही दोष नाही. त्यांना परत बोलवा आणि हे पत्र त्यांच्यासमोर वाचा. तुम्हाला फोनवर ऐकू येत असतं तर मी कार्ड वाचलं त्याच क्षणी फोन केला असता.

आबा बरे आहेत. बोलणं अजून ‘हो’च्या पुढे गेलेलं नाही.

तुमची,
मेघा

*

धरणगाव,
ता. २४-२-२५

चि. मेघा हिस अनेक आशीर्वाद.

भाच्याच्या पायांना माझा नमस्कार सांग. मामाने भाच्याच्या पाया पडायचं ही आपली रीत आहे, मग तुझा बाप खाटेवर असो की खुर्चीत. बेअरिंगला तेल दोनच थेंब घाल. जास्त झालं की आत कॉइलवर जातं.

पत्र वाचलं. पोरी, मी बहिरा झालो आहे, आंधळा नाही. तू हिलालला वाचवते आहेस हे मला दिसतं. तुझी आजी अशीच होती, मांजरीने दूध सांडलं तर म्हणायची माझ्याच पायाने लवंडलं. मी हिलालला समोर उभं करून विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, “हो नाना, मन्हा हातथून पडनं.” माणूस स्वतः कबूल झाल्यावर तुझी साक्ष कोण घेणार?

पडलं याचं मला एवढं नाही. पडतं. पण पडलं ते घरी येऊन सांगितलं नाही, त्याचा राग आहे. आपल्या कामात वस्तू फुटली तर चालते, लपवली तर चालत नाही.

मॅग्नेटोचाही उजवा कान गेला आणि माझाही उजवाच आधी गेला होता. त्याला म्हणावं, डाव्यावर भागतं काही वर्षं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, इंजिन सुरू झालं पाहिजे. माझ्या वडिलांपासून साठ वर्षं आखाजीला विलायतीवर रसाचा चरक फिरतो आणि आख्खी गल्ली पेला घेऊन येते. करोनात कोणी आलं नाही, तरी चरक फिरवला होता. मी मॅग्नेटोची कळ मागे धरायची आणि हिलालने चाक मारायचं, अशी पस्तीस वर्षं गेली. कळ जरा चुकली तर चाक उलटं येऊन मनगट मोडतं, म्हणून दुसऱ्या कोणाच्या हाती मी चाक दिलं नाही. यंदा बघू कोणी.

तेल दोनच थेंब घाल. जास्त झालं की कॉइलवर जातं.

झुलाल नाना

*

धुळे,
सोमवार, ३ मार्च

हिलालकाका,
नमस्कार. मी तीन वेळा फोन केला, तुम्ही तिन्ही वेळा कापला. चौथ्यांदा करायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही खोकं पाडलेलं नाही. मी ते उघडलं आहे. पडलेल्या खोक्याचा कोपरा दबतो, तुमच्या खोक्याचे आठही कोपरे जसेच्या तसे होते. कान माझ्या हातात तुटला, तसं मी नानांना लिहिलंही. मग तुम्ही “माझ्या हातून पडलं” असं का म्हणालात? मला ओरडा बसू नये म्हणून म्हणाला असाल तर कृपा करून ते मागे घ्या. मला ओरडा चालेल. तुमचं नाव खराब झालेलं मला सहन होत नाही.

आणि नानांचं काय? भिकुबाई आजी जाऊन तीन वर्षं झाली, पोटचा मुलगा प्रेमराजकाका सुरतेला. सकाळचा चहा, डबा, औषध, सगळं तुम्हीच बघत होता. आता कोण बघतं?

मेघा

*

धरणगाव,
होळी

मेघाबेटा,
पत्र पोचलं. नानांना समोरच्या सुंदरबाई भाकरी देतात, काळजी करू नको.
जे झालं ते झालं. मी म्हटलं पडलं, तर पडलं. तू आता त्यात हात घालू नको. तू कान बसव. आखाजीला चरक फिरला की बठ्ठं ठीक होईल.
नानांना यापुढे या विषयावर काही लिहू नको. एवढं ऐक.

हिलाल

*

धुळे,
गुरुवार, २० मार्च

तीर्थरूप नाना यांस साष्टांग नमस्कार.

बॉडीबद्दल जे कळलं ते लिहिते. वाईट बातमी आधी.

मी हे ॲल्युमिनियमचं कास्टिंग समजत होते. ते नाही. हातात घेतलं तर जड लागतं, आणि कानसीने कोपरा घासला तर खालचा रंग निळसर करडा आहे. हे जस्ताच्या मिश्रणाचं आहे. जुन्या काळच्या अशा कास्टिंगमध्ये शिशाचा अंश राहून गेलेला असेल तर ते वर्षानुवर्षं आतल्या आत फुगत जातं आणि त्याला तडे जातात. मी बॉडी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, कोरडी पुसली आणि वरून खडूची भुकटी लावली. तड्यांत मुरलेलं रॉकेल खडूवर उमटलं. एकोणीस रेषा मोजल्या. मग परत मोजल्या तर एकवीस भरल्या.

याला वेल्डिंग चालत नाही. ज्योत लावली की लाल न होता एकदम बसून जाईल. नवीन बॉडी ओतून घ्यावी तर माप कशावरून घेणार? हीच फुगलेली आहे. हिच्यावरून घेतलेलं प्रत्येक माप मोठं येईल. आबांना विचारलं, “मूळ माप तुम्हाला आठवतं का?” ते म्हणाले, “हो.” मी पाटी दिली. त्यांनी डाव्या हाताने एक आकडा काढला, मग पुसला, मग दुसरा काढला, मग पाटी मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसले.

आता चांगली बातमी, आणि तिच्यासाठीच हे पत्र लगेच लिहिते आहे. तुटलेल्या कानाचं तोंड मी भिंगाखाली पाहिलं. तोंडाचा अर्धा भाग ताजा चमकतो, तो माझ्या हातून तुटलेला. उरलेल्या अर्ध्यावर एम-सील भरलेलं आहे आणि एम-सीलवर चंदेरी रंग उतरलेला आहे. म्हणजे हा तडा रंगाच्या आधीचा. ज्याने हा रंग दिला त्याला तडा तेव्हाच माहीत होता. फेब्रुवारीत एसटी स्टँडवर काही झालंच नाही. आता तरी हिलालकाका सुटले ना?

तुमची,
मेघा

*

धरणगाव,
ता. २८-३-२५

चि. मेघा,

भाच्याच्या पायांना नमस्कार.

शाबास. मला जो पुरावा हवा होता तो तू दिलास. हा रंग हिलालनेच दिला आहे. दिवाळीनंतर मी मॅग्नेटो हातात घेतला तर चकचकीत. मी त्याला तिथेच विचारलं होतं, “हाऊ रंग कोनी मारा?” म्हणाला, “मी मारा.” का मारलास, तर म्हणे, दिवाळीत सगळ्यालाच मारतो. का ते आता कळलं. दिवाळीत पाडला, एम-सील भरलं, वर रंग लावला, आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलला. नंतर फेब्रुवारीत पडलं असं सांगून जुनं झाकून टाकलं. पस्तीस वर्षं जेवलेला माणूस!

काल संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर दहा माणसांदेखत मी सांगितलं, हिलालच्या हाती आपली वस्तू देऊ नका, तो फोडतो आणि रंग लावून परत देतो. त्याचा व्याहीही तिथेच बसलेला होता. ऐकू दे.

तू मोजून-मापून लिहितेस, म्हणून हे उघडकीला आलं. आखाजीला अजून तीन महिने आहेत, घाई करू नको.

झुलाल नाना

*

धरणगाव,
४ एप्रिल

मेघाबेटा,
मी तुला लिहू नको म्हटलं होतं. तू लिहिलं. तुझ्यावर राग नाही, तू चांगल्यासाठीच लिहिलं. पण आता सगळं सांगतो, नाहीतर तू अजून काही शोधून काढशील.

मी सातवीपर्यंत शिकलो, चुकलं तर समजून घे.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी गेलो तर नाना ओट्यावर बसलेले. मॅग्नेटो मांडीवर. बोटांना एम-सील, पायजम्यावर चंदेरी रंगाचे डाग. मला बघून लहान पोरासारखे दचकले. म्हणाले, “हिलाल, एकटाच काढाले गऊ आन् पायरीवर पडना. कोनले सांगू नको.” पस्तीस वर्षांत नानांच्या हातून काही पडलेलं मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, नाही सांगणार. रंग वाळेपर्यंत दोघं बसलो, चहा प्यालो.

आठ दिवसांनी तोच मॅग्नेटो हातात घेऊन मला विचारतात, हा रंग कोणी मारला. मी आधी हसलो, म्हटलं थट्टा करतात. मग तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती, बेटा. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मी काय सांगू? “तुम्हीच मारला, नाना,” असं सांगू? मी म्हटलं, मी मारा.

त्यानंतर ते चालूच राहिलं. दुधाचं पातेलं जळालं, मी. चाव्या हरवल्या, मी. नळ रात्रभर वाहिला, मी. मला काय फरक पडतो? दोन शिव्या देतात आणि संध्याकाळी स्वतःच भाकरीचा तुकडा पुढे करतात. फेब्रुवारीत तुझी पोहोच वाचून मला उभं केलं, तेव्हा सवयीने तोंडातून गेलं, मन्हा हातथून पडनं. पण या वेळी येऊ नको म्हणाले. तसं आजवर कधी म्हणाले नव्हते.

मी अजून रोज जातो. समोर सुंदरबाईच्या ओट्यावर बसतो. सकाळी नानांचं दार उघडलं की बरं वाटतं. सुंदरबाई मला चिडवते, “नवऱ्यानं हाकलेली बाई जशी सासरच्या दाराकडे बघत बसते, तसा काय बसतोस रे?” मी म्हणतो, चहा दे, बोलू नको.

ओट्यावर मला लपवाछपवी करणारा म्हणाले, ते मात्र लागलं. पोरीच्या सासऱ्यासमोर म्हणाले. पोरीचा फोन आला, “दादा, खरं शे का हाई?” दोन ठिकाणी पंपाचं काम करत होतो, त्यातल्या एकाने कालच सांगितलं, आता नको.

तरी तुला हात जोडून सांगतो, नानांना हे सांगू नको. त्यांना पाटीवर लिहून दाखवावं लागतं, आणि अशी गोष्ट पाटीवर कोण लिहील? कान गेले तेव्हा ते म्हणाले होते, हात शाबूत आहेत आणि डोकं शाबूत आहे, कानाचं काय घेऊन बसलात. त्यांना कळलं की हातही गेला आणि डोकंही, तर ते बसूनच जातील.

कान बसव. आखाजीला चरक फिरू दे.

हिलाल

*

धरणगाव,
ता. १२-४-२५, हनुमान जयंती

चि. मेघा हिस अनेक आशीर्वाद.

भाच्याच्या पायांना माझा नमस्कार सांग.

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. यंदा विलायतीचा मॅग्नेटो तुझ्याकडे पाठवावा म्हणतो. अमृतने अंथरूण धरल्यापासून तू एकटीने कामं करतेस, तर हे तुझं पहिलं मोठं काम होऊ दे. बॉडी एकदम शाबूत आहे, दोन्ही कान धड आहेत. ठिणगी तेवढी मंद वाटते. आखाजीच्या आत परत आला पाहिजे.

खोकं आज-उद्या एसटीत टाकतो. मॅग्नेटो फडताळात ठेवला होता, तो सापडत नाही. हिलालने कुठे उचलून ठेवला असेल. तो सकाळपासून आलेला नाही. काल-परवाही आला नव्हता बहुतेक. कुठे राहिला कोण जाणे, आजारी तर नसेल? असा न सांगता राहणारा माणूस नाही तो. तुझ्याकडे त्याचा फोन नंबर असेल तर विचारून बघ आणि म्हणावं, नाना वाट बघत आहेत.

खोकं मिळालं की पोहोच लगेच लिही. आधी पाहायचं, मग लिहायचं, मग हात लावायचा. तेल दोनच थेंब.

झुलाल नाना

*

धुळे,
सोमवार, २१ एप्रिल

हिलालकाका,
नमस्कार.

नानांचं १२ तारखेचं पत्र सोबत पाठवते. आधी ते वाचा, मग हे वाचा.

मी ते चार वेळा वाचलं. नाना ज्या खोक्याची वाट बघायला सांगतात ते अडीच महिन्यांपासून माझ्या टेबलावर आहे. आणि तुम्हाला हाकललं हेच ते विसरले आहेत. दोन महिने माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, की नानांना खरं पटवायचं. आता पटवायचं कोणाला? ज्यांनी तुमच्यावर आळ घेतला ते तुमची वाट बघत बसले आहेत आणि तुम्ही समोरच्या ओट्यावर. मधे फक्त रस्ता आहे. तुम्ही उद्या आत गेलात तर ते म्हणतील, एवढा उशीर का केलास.

जा. हे पत्र मिळेल त्याच दिवशी जा. त्यांना कोणी एकटं ठेवू नये. सुरतेला प्रेमराजकाकांना कळवायला हवं, तेही मला दिसतं. मी फोन लावून दोनदा ठेवून दिला. काय सांगू आणि कोणत्या अधिकाराने, ते कळेना. तुम्ही आणि मी भेटल्यावर एकत्र फोन करू.

पण तुम्ही आत गेल्याने सगळं मिटत नाही. नाना विसरले, ओट्यावरची दहा माणसं विसरलेली नाहीत. तुमचा व्याही विसरलेला नाही. नाना आता ते शब्द मागे घेऊ शकत नाहीत, कारण ते बोलल्याचंच त्यांना आठवत नाही. मागे घेईल असं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि मी तर ते बोललेही नव्हते. मी फक्त एक ओळ चुकीची लिहिली, आणि ती दुरुस्त करायला गेले तर दुसरी त्याहून वाईट लिहिली.

मॅग्नेटोचं सांगते. बॉडी दुरुस्त झालेली नाही, ती होण्यासारखी नाही. कानांवर भार यायलाच नको म्हणून मी खाली ॲल्युमिनियमची खोबणी करून घेतली आणि वरून पत्र्याचा पट्टा आवळला. आता बॉडी कानांवर नाही, पट्ट्यावर बसते. उजवा कान चिकटवला आहे, पण तो नुसता दिसण्यापुरता. जस्त फुगल्यामुळे आतलं आर्मेचर एका जागी घासत होतं, तिथे खरवडून जागा केली. हाताने फिरवलं तर पाचांतून तीनदा ठिणगी येते. आबांनी ठिणगीकडे बघून “हो” म्हटलं, आणि या वेळी मला वाटलं की तो खरा ‘हो’ होता. बॉडी दहा मिनिटं टिकेल की दहा वर्षं, मी सांगू शकत नाही. आतून ती फुगायची थांबलेली नाही आणि ते थांबवण्याचा उपाय माझ्याकडे नाही.

आता मी काय करणार ते लिहिते, म्हणजे तुम्ही मला थांबवायचं असेल तर थांबवाल. पण थांबवू नका.

मी नवी पोहोच लिहिली आहे. तारीख खरी आहे ती, २१ एप्रिलचीच घातली. ती अशी:

‘४ फेब्रुवारी रोजी झुलाल नाना यांचा मॅग्नेटो मिळाला. हिलाल यांची बांधणी व्यवस्थित, खोकं कुठेही दबलेलं नाही. दोन्ही कान जागेवर. वरून दोष दिसत नव्हता. पोहोच न लिहिता मी बेअरिंग ओढलं, तेव्हा उजवा कान माझ्या हातात निघाला. कास्टिंग जस्ताचं असून जुनेपणाने आतून फुटत आहे, ते कोणीही न पाडता तुटणारं आहे. ७ फेब्रुवारीची माझी पोहोच चुकीची समजावी. मेघा अमृत.’

आखाजीला रस प्यायला गल्ली जमेल तेव्हा, चाक मारण्याच्या आधी, मी ही मोठ्याने वाचणार आहे. ओट्यावरचे दहाही जण आणि तुमचे व्याही पेला घेऊन येतीलच, तुम्हीच त्यांना बोलवा. तेच शब्द नानांसाठी पाटीवर लिहीन. ते वाचून नाना रागावले तर माझ्यावर रागावतील. उद्या विसरले तरी गल्लीने ऐकलेलं असेल.

दिवाळीच्या पायरीचं आणि एम-सीलचं मी बोलणार नाही. ते तुमचं आणि नानांचं आहे. कोणी विचारलंच, तर खोटं सांगणार नाही, ते मला विचारू नका एवढंच म्हणेन. सगळं खरं न सांगणं म्हणजे लपवणंच का, हे मला ठरवता येत नाही. आबांना विचारलं, “असं केलं तर चालेल का?” ते म्हणाले, “हो.” मग विचारलं, “की नको करू?” त्यालाही “हो” म्हणाले. म्हणून ठरवलं माझं मीच.

एकच मागते. त्या दिवशी तुम्ही सुंदरबाईंच्या ओट्यावर नसावं. विलायतीपाशी, चाकाला हात लावून उभे असा. कळ नाना धरतील. त्यांची कळ चुकली तर मनगट तुमचं जाईल, हे मला कळतं. म्हणून मी नानांच्या बोटांवर माझा हात ठेवून उभी राहीन, त्यांना चालत असेल तर.

खोकं एसटीत टाकत नाही, मांडीवर घेऊन येते. धुळ्याहून सकाळी सहाची जळगाव गाडी धरून एरंडोलला उतरेन, तिथून धरणगाव. आखाजीच्याच दिवशी, बुधवार, ३० एप्रिल.

मेघा